दरडोई उत्पन्न वाढले, तरी दिवाळीनंतर वर्गातील बाके रिकामी का?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. 'आर्थिक वृद्धी आणि आर्थिक विकास यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न गेली अठरा वर्षे मी फळ्यावर लिहीत आले आहे आणि त्याचे उत्तर मुलांकडून पाठही करून घेत आले आहे : वृद्धी संख्यात्मक असते, विकास गुणात्मक असतो, वृद्धीशिवाय विकास शक्य नाही, परंतु विकासाशिवाय वृद्धी शक्य आहे. एवढे लिहिले की गुण मिळतात.

यंदा बारावीच्या वर्गात हा धडा चालू असताना एका मुलीने उभे राहून विचारले, "मॅडम, महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे, तर माझी बहीण दहावीला का बसली नाही?" तिच्या बहिणीचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. आमच्या भागात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही त्याच हिशेबाने मिळते. दसरा-दिवाळीनंतर मुलगी गावात एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, हा आईवडिलांचा प्रश्न असतो, आणि लग्न हे त्यांना त्याचे उत्तर वाटते. ती बहीण आता दरवर्षी पाच-सहा महिने कोल्हापूरकडे फडात असते.

त्या मुलीला मी पुस्तकातले उत्तर दिले आणि घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. आमच्यापासून जालना शहर दूर नाही. तिथे लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत, आता समृद्धी महामार्गही जवळून गेला आहे. ही वृद्धी डोळ्यांना दिसते; मग ती त्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही? आधी उत्पन्न वाढावे आणि त्यातून माणसांचे जगणे सुधारावे असा क्रम असतो, की आधी माणसे शिकावीत, निरोगी व्हावीत आणि त्यातून उत्पन्न वाढावे, असा? मानव विकास या संकल्पनेत नेमके काय मोजतात आणि काय सुटते, हे कोणी मुळापासून समजावून सांगितले, तर त्या मुलीसमोर मी पुन्हा उभी राहू शकेन.

प्रतिसाद १ : नीरा-भीमा

ताई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न या विषयाच्या उगमाशीच जाऊन भिडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावले होते की, उत्पन्नाच्या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे. पुढच्या काळात आकडा राहिला आणि इशारा विसरला गेला. आपल्याकडे त्याहीपूर्वी दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे वीस रुपये असल्याचा हिशेब मांडला, परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याला जिवंत ठेवण्यासाठी जो शिधा आणि जे कपडे द्यावे लागतात, त्यांचा खर्च त्यांनी या आकड्याशेजारी ठेवला आणि मोकळ्या रयतेच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे दाखवले. उत्पन्नाचा आकडा माणसाच्या ताटापर्यंत नेऊन तपासण्याची ही रीत मला आजही अनुकरणीय वाटते.

मानव विकास अहवालाची सुरुवात १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने केली आणि त्यामागचे मुख्य डोके पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचे होते. अयूब खान यांच्या काळात पाकिस्तानची अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती आणि तिचे नियोजन करणाऱ्यांपैकी ते एक होते. त्याच हक यांनी १९६८ साली जाहीरपणे सांगितले की, देशाच्या उद्योगांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मालमत्ता बावीस घराण्यांच्या हाती आहे. स्वतः आखलेली वृद्धी कोठे जाऊन साठली, हे त्यांनी पाहिले आणि कबूल केले. त्यांच्यासोबत केंब्रिजमध्ये शिकलेले अमर्त्य सेन यांनी या विचाराला तात्त्विक पाया दिला. माणसाकडे काय आहे, यापेक्षा त्याला काय होता येते आणि काय करता येते, हे पाहावे, असा तो विचार आहे. पैसा हे साधन आहे. दीर्घ आणि निरोगी आयुष्य, ज्ञान आणि आपल्या आयुष्याविषयी स्वतः निवड करण्याची मोकळीक हे साध्य आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या बहिणीच्या बाबतीत नेमकी ही निवड करण्याची मोकळीक हिरावली गेली. तिच्या घरात उचलीची रक्कम आली, म्हणजे त्या वर्षी त्या घराचे उत्पन्न कागदावर वाढलेही असेल.

मानव विकास निर्देशांकात तीन गोष्टी येतात : जन्मावेळचे अपेक्षित आयुर्मान, शिक्षण, म्हणजे प्रौढांनी प्रत्यक्ष घेतलेल्या शालेय वर्षांची सरासरी आणि आज शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला मिळू शकणारी वर्षे, आणि दरडोई उत्पन्न. उत्पन्न तसेच्या तसे घेत नाहीत, त्याचा लॉगरिदम घेतात. गरिबाच्या हाती आलेल्या हजार रुपयांनी जेवढे जगणे बदलते, तेवढे श्रीमंताच्या हजार रुपयांनी बदलत नाही, हे त्यातून गणितात उतरते. २०१० पासून तिन्हींची साधी सरासरी न घेता गुणोत्तरी सरासरी (तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ) घेतात, त्यामुळे शिक्षणातील मोठी उणीव केवळ उत्पन्न वाढवून झाकता येत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १९३ देशांमध्ये भारत १३०वा आहे आणि निर्देशांक ०.६८५ आहे. विषमता हिशेबात धरली, तर त्यातील सुमारे ३१ टक्के गळून जातात. माझ्या मते आपल्या वर्गातील मुलीचे उत्तर या गळतीत आहे.

आता क्रमाविषयी. वृद्धीकडून मानव विकासाकडे जाणारी एक वाट आहे आणि मानव विकासाकडून वृद्धीकडे जाणारी दुसरी. पहिल्या वाटेवर दोन नाकी लागतात : वाढलेले उत्पन्न कुटुंबाकडे किती जाते आणि कुटुंबात ते कोणाच्या हातात असते, आणि सरकारकडे कर म्हणून किती येते व त्यातले प्राथमिक शाळा, दवाखाना, पाणी यांवर किती खर्च होते. दुसऱ्या वाटेवर शिकलेली, निरोगी माणसे अधिक चांगले काम करतात, परंतु त्यांना काम देणारी गुंतवणूकही असावी लागते. गुस्ताव्ह रानिस, फ्रान्सिस स्ट्युअर्ट आणि अलेहांद्रो रामिरेझ यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६० नंतरच्या तीन दशकांत देश कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत गेले, हे तपासले. ज्या देशांनी माणसांकडे दुर्लक्ष करून केवळ वृद्धी साधली, त्यांना पुढे दोन्ही चांगले, अशा स्थितीत पोहोचता आले नाही. त्यांची वृद्धीही ओसरली. ज्यांनी आधी माणसांवर खर्च केला, त्यांच्यापैकी काही मात्र त्या स्थितीत पोहोचले. आपल्या पाठ्यपुस्तकातील 'विकासाशिवाय वृद्धी शक्य आहे' या वाक्यापुढे मी म्हणूनच 'परंतु ती फार काळ टिकत नाही' एवढे शब्द जोडीन.

इंग्लंडचे एक उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील आयुर्मान सर्वांत जास्त वाढले ते १९११ ते १९२१ आणि १९४० ते १९५१ या दोन दशकांत, म्हणजे दोन महायुद्धांच्या काळात. अन्नाचा तुटवडा होता, परंतु जे होते ते शिधापत्रिकेवर सर्वांना वाटले गेले आणि आरोग्यसेवा अधिक लोकांपर्यंत पोहोचली. वाटणीची पद्धत बदलली की तेवढ्याच धान्यात किती माणसे जगतात, हे यावरून दिसते.

प्रतिसाद २ : भोसरी वर्कशॉप

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. गेली बावीस वर्षे भोसरीत माझे छोटे वर्कशॉप आहे, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी चार सीएनसी यंत्रे आहेत आणि चौदा माणसे काम करतात. वरचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरी वाचताना एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्टपणे मांडतो.

शाळा, दवाखाने, आहार हे सर्व पैशानेच चालते आणि तो पैसा कोणीतरी आधी मिळवावा लागतो. केरळचे नाव या चर्चेत नेहमी येते. तेथील माणसे शिकली, परंतु त्यांना गावात काम मिळेना, म्हणून ती आखाती देशांत गेली आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर केरळचा बाजार उभा राहिला. श्रीलंकेने १९४० च्या दशकातच मोफत शिक्षण आणि स्वस्त तांदूळ दिला, आणि २०२२ साली त्याच देशावर कर्जफेड थांबवण्याची वेळ आली. औषधे आणि इंधन यांसाठी लोक रांगेत उभे होते. कमाईची बाजू दुर्लक्षित ठेवून केलेला मानव विकास संकटात टिकतो का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचबरोबर माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा कामावर ठेवला. मन लावून काम करणारा, वेळेवर येणारा. त्याच्या हाती व्हर्नियर दिले आणि नळीचा बाहेरचा व्यास मोजायला सांगितला. मुख्य पट्टीवरचा आकडा त्याने वाचला, परंतु सरकत्या पट्टीवरची कोणती रेघ जुळते ते पाहून लघुतम मापाने गुणायचे असते, हे त्याला कळेना, कारण दशांश अपूर्णांकच कच्चे राहिले होते. सातवी-आठवीत असताना तो प्रत्येक हंगामात आईवडिलांबरोबर फडावर जात असे. दशांश अपूर्णांक शाळेत त्याच महिन्यांत शिकवले गेले असणार. आम्ही दुपारच्या सुट्टीत बसून तीन आठवड्यांत त्याला ते शिकवले. आज तो ड्रॉइंग वाचतो आणि त्याच्या यंत्रावरचे रिजेक्शन, म्हणजे माप चुकून बाद होणारे नग, जवळजवळ संपले आहे. ते तीन आठवडे मी देऊ शकलो, कारण माझ्याकडे काम होते, ऑर्डर होत्या. काम नसते, तर त्याला शिकवायला मी कोठून बसणार होतो? म्हणून कारखाने आधी यावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३ : निवृत्त मुख्यसेविका

मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम करून निवृत्त झाले. माझी बरीच वर्षे धारणी तालुक्यात, म्हणजे मेळघाटात गेली. वृद्धी आणि विकास यांच्यातील अंतर मी सेंटिमीटरमध्ये मोजलेले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

दोन वर्षांच्या आतील बाळाची उंची उभे करून मोजत नाहीत, त्याला फळीवर आडवे झोपवून लांबी मोजतात. आई डोक्याच्या बाजूला बसून बाळाचे डोके फळीच्या टोकाला टेकवून धरते, अंगणवाडी ताई गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते आणि सरकती पट्टी तळव्याला लावते. बाळ रडते, अंग आखडून घेते, दोन-तीनदा मोजावे लागते. वजन आजारपणात कमी होते आणि खाऊ घातले की भरून येते. लांबीचे तसे नाही. गरोदरपणापासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे एक हजार दिवस असतात, त्यांत जी लांबी राहून जाते ती पुढे भरून काढणे फार कठीण असते, आणि त्याच दिवसांत मेंदूचीही वाढ होत असते. भोसरीच्या दादांनी ज्या मुलाविषयी लिहिले, त्याला तीन आठवड्यांत दशांश शिकवता आले, हे वाचून फार बरे वाटले. परंतु ज्याची लांबी दुसऱ्या वर्षी राहिली, त्याच्यासाठी असे तीन आठवडे नंतर कोणालाही देता येत नाहीत. कारखाने आधी आणि बाळ नंतर, हा क्रम मला या एका कारणासाठी मान्य होत नाही; कारखाना दहा वर्षांनी आला तरी चालतो, बाळ थांबू शकत नाही.

आता आपल्या राज्याचे आकडे पाहा. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यू सर्व देशासमोर आले. २००५ साली राज्य सरकारने औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. रिक्त पदे भरणे, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र यांना एका गावात एकत्र कामाला लावणे, आणि सर्व लक्ष पहिल्या हजार दिवसांवर ठेवणे, असे त्याचे साधे सूत्र होते. दोन वर्षांखालील खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने लांबी फार कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत सुमारे २४ टक्क्यांवर आले. त्या वर्षांत राज्याचे उत्पन्नही वेगाने वाढत होते, हे खरे आहे. पण पुढे काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि पुढच्या पाहणीत, म्हणजे २०१९ मध्ये, करोनाच्या आधीच, ते ३५.२ टक्के झाले. (हा वयोगट वेगळा आहे, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करू नये.) या चार वर्षांतही राज्याचे उत्पन्न वाढतच होते. पैसा वाढला आणि मुले तेवढीच राहिली. देशाच्या उत्पन्नात आपल्या राज्याचा वाटा सर्वांत मोठा असताना दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल खुजे असणे हे मला सहन होत नाही.

उत्पन्न आणि बाळाची लांबी यांच्यामध्ये काय असते, ते मी कोरकू आदिवासींच्या पाड्यांवर पाहिले. कोरकू कुटुंबे दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या, मग कपाशीच्या आणि वीटभट्टीच्या कामाला खाली अमरावती-अकोल्याच्या बाजूला उतरतात आणि होळीला परत येतात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. येताना पैसे असतात, नवे कपडे असतात, एखाद्या घरात मोबाइल येतो. म्हणजे उत्पन्न वाढून आलेले असते. मात्र त्या चार महिन्यांत गरोदर बाईची नोंद मागे पाड्यावर राहिलेली असते, तिचा चौरस आहार मागे राहिलेला असतो, बाळाची लस चुकलेली असते आणि आई दिवसभर कामावर असल्याने त्याला भरवायला सहा वर्षांची बहीण असते. होळीनंतर मी वजने आणि लांबी घ्यायला जात असे, तेव्हा फळीवरची पट्टी दिवाळीच्या आकड्याच्या जवळपासच थांबे. एका आईने मला विचारले होते, "बाई, पैसे तर आणले, मग हे वाढले का नाही?" तिला मी काय उत्तर दिले, ते आठवत नाही. ती त्या वेळी स्वतः अठरा वर्षांचीही नव्हती, एवढे आठवते.

आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते, असे याच २०१९ च्या पाहणीत आहे; मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत प्रमाण याहून बरेच जास्त आहे. लहान वयाची, रक्त कमी असलेली आई आणि कमी वजनाचे बाळ ही साखळी आहे. गोदाकाठ ताई, आपल्या विद्यार्थिनीची बहीण या साखळीत सापडली आहे आणि फडातले हाल तिच्यापुरते थांबत नाहीत. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कामाचा दिवस बुडला की पैसे कापले जातात, मग पाळी आणि आजारपण हाच खाडा ठरतो. साखरेच्या वाढीव उत्पादनात हे कोठेही नोंदले जात नाही.

पैसा कमी असताना काय होऊ शकते, हेही आपल्याच राज्यात दिसले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले : बाळाला गुंडाळून ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कधी द्यायचे. ३९ गावांत हे काम झाले आणि जवळच्या ४७ गावांशी तुलना केली गेली. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्हीकडची शेती, पाऊस आणि गरिबी एकाच जिल्ह्याची होती. आज देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे हे काम आहे.

प्रतिसाद ४ : भोसरी वर्कशॉप

ताई, 'बाळ थांबू शकत नाही' हे आपले म्हणणे मला पटले. माझ्या मनात कारखाना आणि शाळा एवढाच क्रम होता. त्याआधीचे हजार दिवस मी धरलेच नव्हते. पैसा कोठून यावा हा माझा प्रश्न मात्र कायम आहे, आणि त्याचे उत्तर कोणी दिले तर बरे होईल.

प्रतिसाद ५ : नीरा-भीमा

आपला प्रश्न योग्य आहे आणि तो जुनाही आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हाच्या आक्षेपांत पैसा कोठून आणायचा हा एक मोठा आक्षेप होता. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पाचच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापूरसारख्या लहानशा संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा केला. त्याच महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली होती, सूतगिरणी काढली होती आणि राधानगरीला धरण बांधायला घेतले होते. पेठ, गिरणी आणि धरण यांचे उत्पन्न पुरेसे होईपर्यंत शाळा थांबवून ठेवावी, असे त्यांना वाटले नाही. एकाच राजवटीत एकाच हाताने दोन्ही कामे चालू राहिली. कोल्हापूर परिसराची पुढची शेती, सहकार आणि छोटे कारखाने पाहताना मला या दोन्ही कामांची एकत्र आठवण होते.

आणि आपल्या वर्कशॉपच्या पगारपत्रकावरच एक उत्तर लिहिलेले आहे. ठरावीक पगाराच्या वरच्या माणसाच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ सालच्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या राज्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, १९७७ चा तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा केंद्रीय कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. शहरातील नोकरदाराच्या पगारातून निघालेले पैसे दुष्काळी गावातील बाईच्या हाती मजुरी म्हणून पोहोचावेत, अशी ती रचना होती. वृद्धी आणि माणसाचे जगणे यांच्यामध्ये असे पाट मुद्दाम खोदावे लागतात. धरण भरले म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी मिळेलच असे नाही, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको.

केरळविषयी एक भर घालतो. तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार हजारी ६ होते, महाराष्ट्रात १६ आणि देशात २८. एके काळी देशाच्या सरासरीपेक्षा मागे असलेले केरळचे दरडोई उत्पन्न आज सरासरीच्या वर आहे. तेथील शिकलेल्या तरुणांना राज्यात पुरेसे काम मिळत नाही, हा आपला मुद्दा तरीही खरा आहे आणि तो मी मान्य करतो. श्रीलंकेबाबत मात्र असे दिसते की, २०२२ च्या संकटानंतरही २०२५ च्या मानव विकास अहवालात तो देश ८९व्या स्थानी, आपल्यापेक्षा बराच वर होता. दिवाळखोरी सरकारी हिशेबात आली. शिकलेली पिढी आणि शिकलेल्या आया यांचे शिक्षण कोणाला परत मागता आले नाही.

गोदाकाठ ताई, आपल्या जिल्ह्यापुरते एक सांगतो. महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल २००२ साली आला, त्यात गडचिरोली तळाला होता. २०१२ च्या अहवालात नंदुरबार तळाला गेला. मुंबई दोन्ही वेळा वर होती. पहिल्या अहवालानंतर जे मानव विकास मिशन सुरू झाले, त्यात जालना सुरुवातीच्या बारा जिल्ह्यांमध्ये होता. आठवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेत मोफत नेणाऱ्या निळ्या बसगाड्या त्याच योजनेतील आहेत. अभ्यासिका, सायकली, गरोदर मातांना मिळणारी बुडीत मजुरी हेही त्यातलेच. आपल्या वर्गाला हा विषय शिकवताना निळ्या बसपासून सुरुवात करता येईल.

गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सर्व प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. मुख्यसेविका ताईंचा प्रतिसाद वाचताना मला मध्येच थांबावे लागले. उरलेला भाग प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच वाचला. गर्भाशयाविषयीचे वाक्य आले तेव्हा तिचा आवाज बदलला नाही, तिने पुढचे वाक्य घेतले. नंतर ती म्हणाली, "हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकात नव्हते एवढेच."

त्यानंतर आम्ही एक काम केले. गेल्या दोन वर्षांची हजेरीपत्रके काढली आणि दिवाळीपूर्वी व दिवाळीनंतर प्रत्येक गावच्या मुलींची हजेरी किती, हे मुलींनीच फळ्यावर मांडले. निळी बस ज्या गावांवरून येते, तेथील मुलींची हजेरी थोडीफार कमी होते, पण त्या येत राहतात. पूर्णपणे गळालेल्या पाच मुली तीन वस्त्यांमधल्या निघाल्या आणि त्या तिन्ही वस्त्या मुख्य रस्त्यापासून आत आहेत. तिथे बस जात नाही. आईवडील फडावर गेल्यावर मुलांना गावात ठेवण्यासाठी जे हंगामी वसतिगृह चालते, ते यातल्या दोन वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. पाच मुलींवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी वर्गाला सांगितले आहे. तरी आता त्या पाच जणींची नावे आम्हाला माहीत आहेत.

काल मुलींनी अर्जाचा मसुदा तयार केला. त्यात तिन्ही वस्त्यांची नावे, मुख्य रस्त्यापासूनचे अंतर, आठवी ते बारावीच्या मुलींची संख्या आणि शाळा सुटण्याची वेळ लिहिली आहे. भोसरीच्या दादांना सांगावेसे वाटते की, अंतर दशांशात लिहिले आहे आणि ते मुलींनी स्वतः मोजले आहे. हा अर्ज तालुका पातळीवर द्यावा की जिल्हाधिकारी कार्यालयातील मानव विकास समितीकडे, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी त्याच अर्जात करावी की शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेगळी, याविषयी कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लवकर कळवावे. दसऱ्याला सहा आठवडे उरले आहेत.